न बोलणाऱ्यांची साक्ष

साताऱ्यापासून मिरजेपर्यंत कोण कोणाशी बोलत नाही, हे ज्याला तोंडपाठ होतं असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ओळीने स्टेशनांची नावं पुष्कळांना पाठ असतात. यांना ती होतीच, शिवाय प्रत्येक स्टेशनाच्या गावात कुणाचं कुणाशी वाजलंय आणि कशावरून, हेही होतं. रहिमतपुरात दोन साडू लग्नातल्या मानपानावरून बोलत नव्हते. मसूरला दोन दुकानदार रस्त्यावर पुढे काढलेल्या एका फळीवरून बोलत नव्हते. भिलवडीचे दोन वर्गमित्र कशावरून बोलत नव्हते ते त्यांनाही आठवत नव्हतं, पण यांना ठाऊक होतं. ही सगळी माहिती त्यांनी चहाड्या करायला गोळा केली नव्हती. ती ज्ञानकोशासाठी होती.

आम्ही त्यांना सुभेदार म्हणायचो. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार साताऱ्यात पैशाला पासरी, पण आमच्या गल्लीत नुसतं 'सुभेदार' म्हटलं की हेच. ताठ पाठ, इस्त्रीची पॅन्ट, डोक्याला गांधी टोपी आणि पायात आरशासारखे बूट. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. चहासुद्धा उभ्यानेच, बशीत ओतून, एकही थेंब न सांडता.

पोवई नाक्याजवळ माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. फोनच्या वायरीतून किंकाळ्या ऐकत ताटकळायचं आणि लाईन लागलीच तर देवाचे आभार मानायचे, याला तेव्हा इंटरनेट म्हणत. मी ते ऐटीत बोर्डावर रंगवून घेतलं होतं. तो बोर्ड वाचून सुभेदार एके दिवशी आत आले आणि म्हणाले, "ह्यात साताऱ्याचं काय हाय, दावा."

शोधता शोधता एक पान उघडलं. परदेशात राहणारे एक गृहस्थ हौसेने भारतातल्या रेल्वेचा ज्ञानकोश इंटरनेटवर उभा करत होते. मदतीला जगभरचे बिनपगारी हौशी लोक. त्यात सातारा स्टेशनावर चार ओळी होत्या, आणि पहिलीच ओळ अशी, की हे स्टेशन शहराच्या मध्यभागी आहे. मी मराठी करून सांगितलं. सुभेदारांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

"मध्यभागी?" ते म्हणाले. "आवं मॅडम, मग रजेवर येताना मी ट्रंक डोक्यावर घिऊन माहुलीच्या ठेसनापास्नं चालत कुठं यीत हुतो?"

मी म्हटलं, आपण त्यांना कळवू शकतो.

"मग कळवा की. बसून काय ऱ्हायलाय?"

अशी आमच्या कामाची सुरुवात झाली. तिकडून उत्तर आलं, आभार मानले, आणि या मार्गावरच्या बाकीच्या स्टेशनांचीही तपासणी कराल का, असं विचारलं. फक्त प्रत्येक गोष्टीला आधार हवा होता.

"आधार म्हंजे?"

"म्हणजे कोण सांगतंय ते."

"मी सांगतोय की."

"एकट्याचं चालत नाही म्हणतात."

मला वाटलं, हे आता चिडणार. उलट त्यांचा चेहरा खुलला. फौजेत त्यांनी कसल्या कसल्या चौकश्यांना हजेरी लावली होती म्हणे. "दोन दोस्त एकच गोष्ट सांगत्यात, तवा ती गोष्ट नसती, दोस्ती असती. पर दोन वैरी एकच बोलले, तर ती खरी," असं ते म्हणाले आणि तिथल्या तिथे कायदा करून टाकला. कोणतीही ओळ ज्ञानकोशात जायची असेल, तर एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन माणसांनी ती वेगवेगळी सांगितली पाहिजे. मी हे इंग्रजीत लिहून पाठवलं तेव्हा मला लाज वाटत होती. त्या गृहस्थांनी कळवलं, की पुष्कळ पुस्तकांपेक्षा हा आधार बरा आहे. ते उत्तर मी सुभेदारांना सांगितलं त्या दिवशी त्यांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

दर रविवारी क्लास बंद असे, तेव्हा आमचं काम चाले. साक्षीदाराने लिहून आणलेलं चालत नसे. "लिवलं की मानूस नटवतो. तोंडानं सांगू द्या." एकाला आत घ्यायचं, दुसऱ्याला समोरच्या रसवंतीत बसवायचं. आतला सांगायचा, मी टाईप करायची, आणि सुभेदार माझ्यामागे हात पाठीशी बांधून, डोळे मिटून उभे. मध्येच एकच प्रश्न यायचा.

"बगितलं का आयकलं?"

हा प्रश्न ते कुणालाही आणि कशालाही विचारत. मी सहज म्हटलं, की शिरवळला हायवेवर मोठा अपघात झालाय, की आलाच प्रश्न. मग मी गप्प. या एका प्रश्नामुळे माझी अर्धी बडबड बंद झाली, हा त्यांचा माझ्यावर आणि माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्यावर मोठा उपकार आहे.

दोन्ही साक्षी जुळल्या की ते 'पास' म्हणत. नाही जुळल्या की 'पेंडिंग'. विशेषणं मात्र सरसकट नापास. मी एकदा एका स्टेशनाला 'निसर्गरम्य' लिहिलं. "रम्य कुनी ठरवलं? त्येच्याशी न बोलनाऱ्याला इचारा, रम्य हाय का म्हनून." आता बोलाचाली बंद असलेली दोन माणसं कधी एक गोष्ट सुंदर म्हणतात का? पण एकदा तेही घडलं. एका पुलावरून दिसणारी संध्याकाळची नदी, मसूरच्या त्या दोन फळीवाल्यांनी वेगवेगळं येऊन 'लय झ्याक' म्हणून सांगितली. सुभेदारांनी डोळे उघडले, जरा विचार केला, आणि 'पास' म्हणाले. आमच्या सगळ्या कामात तेवढं एकच विशेषण गेलं.

सांगलीकडच्या स्टेशनांसाठी त्यांनी मुद्दाम एकाच बिल्डिंगमधली दोन माणसं पकडली होती. एक कॉलेजातले ग्रंथपाल, दुसरे औषधाचे दुकानदार. स्कूटर लावायच्या जागेवरून दोघांची तोंडं दोन दिशांना. दोघांनाही रेल्वेचं वेड. दर रविवारी दोघंही एकाच पॅसेंजरने साताऱ्याला यायचे, वेगळ्या डब्यात बसून, आणि माहुलीहून वेगळ्या रिक्षा करून. सुभेदार या जोडीवर बेहद्द खूश होते. "असं भांडान नशिबानं मिळतं," म्हणायचे.

पण एका रविवारी पॅसेंजर वाटेत तासन्‌तास अडकली. दोघं खाली उतरले, एकाकडे भडंगाची पुडी होती, दुसऱ्याकडे पाणी होतं. त्या दिवशी ते एकाच रिक्षातून हसत हसत उतरले. सुभेदारांचा चेहरा पडला.

"म्हंजे मिटलं?"

"मिटलं की! अहो, स्कूटर ती काय," ग्रंथपाल म्हणाले.

"मग आता सांगली कोन बगनार?"

त्यांनी कुणाचीही गय केली नाही. त्या दिवसापासून दोघांची मिळून साक्ष एकच धरायची, असा निकाल दिला. औषधवाल्यांनी तो मनाला लावून घेतला आणि येणं कमी केलं. ग्रंथपाल मात्र चिवट, येत राहिले. मला तेव्हा सुभेदारांचा रागच आला होता. दोन शेजारी पुन्हा बोलायला लागले याचं ज्याला वाईट वाटतं, त्या माणसाला म्हणावं तरी काय?

त्याचं उत्तर पुढे मिळालं, ते असं.

होता होता बहुतेक स्टेशनं पास झाली. मग तिकडून विचारणा आली, की मीटरगेजच्या काळातल्या जुन्या नकाशात मसूरच्या आसपास एक हॉल्ट, म्हणजे छोटा थांबा, दिसतो. रूळ रुंद करताना मार्ग बदलला, तेव्हा तो बंद झाला असावा. त्याची काही माहिती? मी नाव वाचलं. सुभेदारांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"माजं गाव हाय ते," ते म्हणाले. "तिथं गाडी थांबत न्हवती."

"थांबत नव्हती तर हॉल्ट कसला?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नावाचा. दुपारची पॅसिंजर न्हवती थांबत. मी बगितलंय. घ्या टाईप करून."

आणि त्यांनी स्वतःच्याच कायद्याप्रमाणे, ताठ उभं राहून, डोळे मिटून स्वतःची साक्ष दिली. ते फौजेत असताना हा हॉल्ट नवीन झाला होता. त्यांनी तो पाहिलेला नव्हता. धाकट्या भावाची तार आली, की आई जाणार, निघ, पॅसेंजर आता गावाला थांबते. पुण्याला ते धावतपळत गाडीत चढले, मिळाला तो शेवटचा डबा धरला.

"गाव जवळ आलं तसा खिडकीतनं बाहीर बगत बसलो. गाडी एका खिंडीत सिग्नलला थांबली. दोनी अंगाला खडक, हात लावावा असा. खडकात कोनाडा, कोनाड्यात शेंदूर फासलेला म्हसोबा. मी त्याला हात जोडलं. म्हनलं, आईचं तोंड तेवढं दिसू दे. मग गाडी हलली. खिंडीतनं बाहीर आली आन्‌ फलाट सुरू झाला, तवर येग धरलेला. फलाटावर एक म्हातारी गाठोडं घिऊन चालली हुती, दुसरं कुनी न्हाई. गाडी थांबलीच न्हाई. फुडल्या स्टेशनात उतरलो आन्‌ रुळानं मागं चालत आलो. लांबनंच नदीकाठी धूर दिसला."

मी टाईप करायची थांबले होते.

"भावानं वाट बगितली न्हाई," सुभेदार म्हणाले. "वर मलाच म्हनला, गाडी थांबली, तूच आला न्हाईस. धादांत खोटं. त्या दिसापास्नं आमचं बोलनं न्हाई, आन्‌ त्या हॉल्टवर मी पाय ठेवला न्हाई. हं, आता दुसरा साक्षीदार बगा."

दुसरा साक्षीदार कुठून आणायचा? गावात बाकी सगळ्यांशी त्यांचं उत्तम होतं. लग्नाकार्याला जात, यात्रेला वर्गणी देत. म्हणजे त्यांच्या नियमाने बाकी सगळं गाव बाद. सुभेदारांशी न बोलणारा माणूस साताऱ्यापासून मिरजेपर्यंत एकच होता. हा माणूस जगाची भांडणं पाठ करत का फिरायचा, ते मला त्या दिवशी कळलं. त्याच्या स्वतःच्या भांडणात दोघांची साक्ष जुळत नव्हती, आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

मी आणि ग्रंथपाल एसटीने उंब्रजला उतरलो आणि तिथून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने त्या गावाला गेलो. भाऊ गोठ्यात म्हशींना उसाचं वाढं टाकत होता. चेहरा तोच, फक्त पाठ ताठ नव्हती. आम्ही का आलो ते सांगितलं.

"त्यानं धाडलंय व्हय?" तो म्हणाला. "मग सोता का न्हाई आला?"

"तुम्ही दोघं बोलत नाही, म्हणून तर तुमची साक्ष चालते," मी म्हटलं.

हे ऐकून तो जरा हसला. "आमच्या दादाचं सगळंच असलं. पुसा काय पुसायचं त्ये."

"दुपारची पॅसेंजर इथं थांबायची का?"

"थांबायची म्हंजे? रोज थांबायची. आई गेली त्या दिवशीबी थांबली. मी सोता फलाटावर हुतो. दिस कलला हुता, मानसं नदीवर खोळंबलेली, तरी मी म्हनलं, दादा ह्या गाडीनं यील. गाडीतनं एक म्हातारी उतरली गाठोडं घिऊन. दादा न्हाई. मी तसाच माघारी पळालो." त्याने वाढ्याची पेंढी खाली ठेवली. "त्याला यायचंच न्हवतं तर तसं सांगायचं. गाडीवर कशाला घालायचं?"

"फलाट कसा होता?" ग्रंथपालांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"फलाट कसला, मातीचा भराव. फुडलं डबं तेवढं फलाटाला लागायचं. मागलं समदं खिंडीत ऱ्हायाचं, म्हसोबापाशी. आमी गावातली मानसं पुण्यातच फुडल्या डब्यात बसायचो. सगळ्यांस्नी ठाव हुतं."

शेवटचा डबा! मी तोंड उघडणार, तोच ग्रंथपालांनी माझा पाय दाबला. एका साक्षीदाराला दुसऱ्याची साक्ष सांगायची नाही, हा नियम होता. मी जीभ चावली आणि एवढंच विचारलं, "पुढच्या डब्यात बसा, असं तारेत कळवलं होतं का?"

"तारेत येवढं कोन लिवतंय?" तो म्हणाला. "आन्‌ गावच्या मानसाला हे काय सांगायचं आसतं?"

परतताना जीपमध्ये ग्रंथपाल हळूच म्हणाले, "सुभेदार सिग्नल म्हणाले तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं. असल्या हॉल्टला सिग्नल नसतोच." मग का बोलला नाहीत, मी विचारलं. "मी तिथे होतो का? मला पहिल्यांदा विचारलं असतं, बघितलं का ऐकलं?"

रविवारी सुभेदार नेहमीच्या वेळेच्या आधी येऊन क्लासच्या पायरीवर उभे होते. ग्रंथपालांनी भावाची साक्ष जशीच्या तशी सांगायला सुरुवात केली, मी टाईप करत होते, आणि सुभेदार डोळे मिटून मागे उभे होते. 'रोज थांबायची' म्हटल्यावर त्यांचा जबडा आवळला गेला. म्हातारी गाठोडं घेऊन गाडीतून उतरली, हे आलं तेव्हा त्यांनी पाठीशी बांधलेले हात सोडले. मग आला मातीचा भराव. मग म्हसोबा.

"थांबा," ते म्हणाले. "म्हसोबा त्यो म्हनला? सोताहून?"

"स्वतःहून. मागचे सगळे डबे खिंडीत राहायचे, म्हसोबापाशी."

"बगितलं का..." त्यांनी नेहमीचा प्रश्न अर्ध्यावरच सोडला.

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, बाजूची खुर्ची ओढली आणि बसले. इतक्या दिवसांत मी त्यांना प्रथमच बसलेलं बघत होते. नजर स्क्रीनवर, पण वाचत नव्हते. बसून ते म्हातारे दिसायला लागले, आणि मला इतकं वाईट वाटलं, की उगाचच मी चहा सांगायला उठले.

"म्हंजे गाडी थांबली हुती," ते स्वतःशीच म्हणाले. "आन्‌ मी थांबल्या गाडीत हात जोडून बसलो हुतो. म्हसोबानं उभी केली हुती गाडी माज्यासाठी. उतरायचं तेवढं माज्याकडं हुतं." मग म्हणाले, "पोरगं खरं बोलत हुतं की वं."

पोरगं म्हणजे साठीला टेकलेला भाऊ.

चहा आला, पण त्यांनी तो बशीत ओतलाच नाही. उठले, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "फलाट आखूड. मागचे डबे खिंडीत. दुपारची पॅसिंजर थांबत हुती. दोनी साक्षी जुळल्या. पास." मग दाराबाहेर गेले ते टोपी टेबलावर विसरून.

आम्ही ती ओळ त्याच दिवशी पाठवून दिली. आठवडाभर सुभेदारांचा पत्ता नव्हता. टोपी द्यायला मी त्यांच्या घरी जाऊन आले, तर घराला कुलूप. शेजारच्या म्हणाल्या, भावाला निरोप धाडून गावाला गेलेत, मसूरला गाडीतून उतरून जुन्या रुळाच्या वाटेने चालत जाणार असं म्हणत होते. मी विचारलं, बघितलं का ऐकलं? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

पुढच्या रविवारी ग्रंथपाल आणि मी काम उघडून बसलो, तर दारात दोन चेहरे एकसारखे. एक पाठ ताठ, एक जरा वाकलेली. वाकलेल्याच्या हातात गुळाची ढेप. ती त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ह्या येळंला मी लांब खिंडीपतोर जाऊन थांबलो हुतो. म्हनलं, परत चुकामूक नको."

सुभेदारांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. चेहरा गंभीर.

"मॅडम, त्यो आमच्या हॉल्टचा मजकूर काडून टाका."

"आता का?"

"आमी बोलतोय आता. साक्ष बाद."

"अहो, साक्ष दिली तेव्हा बोलत नव्हता की!"

"त्ये काय न्हाई. सांगलीकरांस्नी लावला तो नियम मला न्हाई का? आमचं दोगांचं मिळून आता एकच धरायचं. काडा."

ते थट्टा करत नव्हते. ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मी या माणसाचे नियम निमूट टाईप केले होते. त्या दिवशी मात्र मला सुचलं.

"सुभेदार," मी म्हटलं, "नियम आहे ना? मग ओळ काढायची असली तरी एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांनी वेगवेगळं येऊन 'काढा' म्हणायला पाहिजे. तुम्हा दोघांची तर मिळून एकच साक्ष. पेंडिंग."

ग्रंथपाल खो खो हसायला लागले. सुभेदारांच्याच कायद्यात सुभेदारांना आजवर कुणी असं अडकवलं नव्हतं. भावाला आधी काही कळलं नाही, मग कळलं, आणि तो दादाच्या जवळ सरकला.

"मग दादा, भांडू का परत? तेवढ्यापुरतं?"

सुभेदारांनी स्क्रीनवरच्या त्या ओळीकडे पाहिलं. मग भावाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

"नको रं गड्या," ते म्हणाले. "लय झालं."